अर्धवेळ नोकरी, पूर्णवेळ राबणूक

महाविद्यालये उघडली, की पुण्यातील सूचनाफलकांवर आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एका ठरावीक साच्याचा मजकूर फिरू लागतो. एका सल्लागार कंपनीला 'डेटाबेस मॅनेजमेंट'च्या अर्धवेळ कामासाठी महाविद्यालयीन विद्यार्थी हवे आहेत. एक्सेल येणे आवश्यक, एसक्यूएल येत असल्यास प्राधान्य. वेळ सोयीची. मानधन दिले जाईल आणि काम समाधानकारक वाटल्यास अनुभवाचे प्रमाणपत्रही मिळेल. या मजकुरात 'वेतन' हा शब्द सापडत नाही, 'नोकरी' हा शब्द क्वचित सापडतो, आणि 'कामगार' हा शब्द तर सापडण्याचा प्रश्नच नाही. सापडतात ते 'संधी', 'अनुभव' आणि 'शिकण्याची वृत्ती' हे शब्द. ज्या मजकुरात मालकाचे सर्व शब्द गोड असतात, तो मजकूर कामगार चळवळीने दोनदा वाचावयाचा असतो.

या जाहिरातीला उत्तर देणारा विद्यार्थी बहुधा लातूर, बीड, नंदुरबार, सोलापूर अशा जिल्ह्यांतून आलेला असतो. बी. एस्सी. संगणकशास्त्राच्या किंवा बी. सी. ए.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात तो शिकत असतो. सदाशिव पेठेत अथवा कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहतो, महिन्याची मेस लावतो, आणि महाडीबीटीवर भरलेल्या शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यावर केव्हा जमा होईल याची वाट पाहतो. घरी सोयाबीनचे पैसे आले तर आले. अशा मुलाला महिना पाच-सहा हजार रुपयांचे काम मिळत असेल, तर ते त्याने घेऊ नये असा उपदेश करणे हे पोट भरलेल्याचे शहाणपण ठरेल. काम त्याने घ्यावे. मात्र ते काम कोणत्या नावाने त्याच्या गळ्यात घातले जाते आणि कोणत्या अटींवर करून घेतले जाते, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी आजवर केलेला नाही, तो करावयास हवा.

प्रथम हे काम आहे तरी काय, ते समजून घेणे आवश्यक आहे. कारण 'संगणकावर बसून यादी करणे' एवढीच पुष्कळ कार्यकर्त्यांची त्याविषयीची कल्पना असते. सल्लागार कंपनी सल्ला विकते. सल्ल्याच्या मुळाशी माहिती असते, आणि माहिती कधीही स्वच्छ येत नाही. जिल्हा कार्यालयातून आलेली लाभार्थ्यांची एक यादी, बँकेकडून आलेली दुसरी, सर्वेक्षकांनी गावोगाव फिरून भरलेली तिसरी. तिन्ही याद्यांत माणसे तीच, पण नोंदी वेगळ्या. ज्ञानदेव हे नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलेले असते. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी. एकीत तारखेचा दिवस पुढे आणि महिना मागे, दुसरीत उलट. वडगाव नावाची गावे एकट्या पुणे जिल्ह्यात अनेक. तालुक्याचा रकाना रिकामा राहिला, तर माणूस कोणत्या वडगावचा हे कळावयास मार्ग नाही. एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली माहितीची कोष्टके एकमेकांशी जोडण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येक नोंदीला स्वतःची अशी एक ओळखखूण असावी लागते. ती खूण कागदोपत्री मिळत नाही तेव्हा कोणीतरी डोळ्यांत तेल घालून ती ठरवावी लागते. हे 'कोणीतरी' म्हणजे हा अर्धवेळ विद्यार्थी. कोणत्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत, कोणती नोंद दुबार म्हणून काढून टाकावयाची, कोणती ठेवावयाची, हे रात्री अकरा वाजता कॉटवर मांडी घालून तो ठरवीत असतो.

यात चूक झाली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१७ साली राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेखाली कर्जमाफी जाहीर केली. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले. बँकांनी दिलेली माहिती आणि अर्जांतील माहिती यांचा मेळ बसेना. याद्यांत घोळ निघाले आणि ज्या खात्यांवर दिवाळीत पैसे जमा व्हावयाचे, ती दिवाळीनंतरही वाट पाहत राहिली. त्या याद्या कोणी जुळविल्या हा येथे प्रश्न नाही. परंतु कोष्टकातील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते, एवढे त्या प्रकरणाने सिद्ध केले. एखाद्या विधवेचे नाव दुबार समजून पुसले गेले, तर पुसणाऱ्यालाही ते कधी कळत नाही. इतक्या जोखमीचे काम ज्याच्याकडून करून घ्यावयाचे, त्याला 'शिकाऊ' म्हणावयाचे, आणि शिकाऊ म्हणून त्याचा दाम कमी करावयाचा, हा व्यवहार कोणत्याही सुताराच्या वा लोहाराच्या दुकानात चालला नसता. तेथे उमेदवार पोरगा भट्टीचा भाता ओढतो, ग्राहकाचा नांगर घडवीत नाही. नांगर घडवू लागला, की तो कारागीर होतो.

आता हिशेब. समजा, ठरलेली वेळ रोज चार तास आणि आठवड्याचे सहा दिवस आहे. आठवड्याचे तास चोवीस, महिन्याचे सरासरी एकशे चार. मानधन सहा हजार धरले, तर तासाला सुमारे अठ्ठावन्न रुपये पडतात. हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात ग्राहक कंपनीला सोमवारी सकाळी अहवाल हवा असतो, म्हणून रविवार जातो. यादीतील दोष दाखवून देणारा फोन तासिका चालू असताना येतो. 'सोयीची वेळ' म्हणजे कोणाच्या सोयीची, हे पहिल्याच महिन्यात कळते. आठवड्याचे तास चाळीस झाले, तर महिन्याचे एकशे त्र्याहत्तर होतात आणि तासाचा दर पस्तीस रुपयांच्याही किंचित खाली उतरतो. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात मनरेगाच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. आठ तासांनी भागले, तर तासाला एकोणचाळीस. १९७२ च्या दुष्काळात ज्या राज्याने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, त्या राज्यात खडी फोडणाऱ्या बापाच्या मजुरीपेक्षा संगणकावर बसलेल्या मुलाच्या तासाचा दर कमी भरावा, आणि तरीही मुलगा 'लाइनीला लागला' म्हणून गावात पेढे वाटले जावेत! त्या पेढ्यांची थट्टा करावयाची नाही. पण कंपनीने ग्राहकाला पाठविलेल्या बिलात हेच तास कोणत्या दराने लावले, हे मुलाला कधी दाखविले जात नाही, हे मात्र विसरता कामा नये. सल्लागार कंपन्या तासांच्या वा मनुष्यदिनांच्या हिशेबाने बिल करतात. त्या बिलात 'शिकाऊ सवलत' नावाचा रकाना नसतो.

वेळेचा आणखी एक पेच आहे. कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि त्याच सुमारास सर्व अहवालांची घाई असते. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही त्याच सुमारास तोंडावर आलेल्या असतात. म्हणजे वर्षात ज्या काळात विद्यार्थ्याला सुटी सर्वांत निकडीची, त्याच काळात कंपनीला तो सर्वांत निकडीचा. या ओढाताणीत कोण हरतो, ते सांगावयास नको. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम दाखवून महाविद्यालय त्याला परीक्षेस बसू देत नाही, तेव्हा कंपनीचा कोणीही अधिकारी प्राचार्यांना पत्र लिहिण्यास पुढे येत नाही. मुलींच्या बाबतीत हे काम घरी किंवा वसतिगृहात बसून करता येते, म्हणून ते सुरक्षित आणि सोयीचे मानले जाते. घरी बसून केलेल्या कामाचे तास मोजले जात नाहीत, ही विडी कामगार स्त्रियांची जुनी कहाणी आहे. तंबाखूच्या जागी माहिती आली, एवढेच.

या सर्वांवर कंपन्यांचे एक उत्तर ठरलेले असते: विद्यार्थी येथे शिकतो. आणि या उत्तराला महाराष्ट्रात एक पवित्र आधारही सहज मिळतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने ही योजना चालते. तेव्हा अर्धवेळ काम करून शिकण्यात वाईट काय, असा प्रश्न कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी कर्मवीरांचे नाव घेऊन विचारू शकतो. वस्तुतः कर्मवीरांचे नाव त्याने घेऊ नये, यातच त्याचे हित आहे. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलगा संस्थेच्या शेतात राबत होता, आणि त्या शेताचे धान्य त्याच वसतिगृहाच्या ताटात पडत होते. त्याने फोडलेल्या दगडांतून उभ्या राहिलेल्या इमारतीत त्याच्या मागून येणारी मुले शिकत होती. श्रमाचे फळ शिक्षणातच परत येत होते. सल्लागार कंपनीत श्रमाचे फळ ग्राहकाकडे आणि भागीदारांकडे जाते. त्यातून शिक्षणाकडे परत येतो तो एक कागद, त्यावर 'उत्साही व होतकरू' अशी दोन विशेषणे. ही तुलना कोणी करूच लागला, तर ती शेवटपर्यंत करावी.

शिकणे होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ मुले तेथे महाविद्यालयातील जुन्या अभ्यासक्रमापेक्षा अधिक शिकतात. काहींना पुढे चांगल्या नोकऱ्याही लागतात. तथापि शिकत शिकत काम करणे हे प्रत्येक कामगाराच्या वाट्याला येतेच. मागावर बसलेला विणकर पहिली दोन वर्षे शिकतच असतो, म्हणून त्याची मजुरी बुडत नाही. कसोटी एकच असू शकते: हे काम त्या विद्यार्थ्याने केले नसते, तर कंपनीला ते दुसऱ्या पगारी माणसाकडून करून घ्यावे लागले असते काय? उत्तर 'होय' असेल, तर तो कामगार आहे. त्याला दुसरे काहीही म्हणणे हा शब्दांचा खेळ होय.

आणि शब्दांचा हा खेळ कायद्याच्या पुस्तकातही खेळला गेला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची व्याख्या करताना शारीरिक, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी असे सर्व काम करणारा मनुष्य धरला होता, आणि त्यात शिकाऊ उमेदवाराचा समावेश स्पष्ट शब्दांत केला होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत तेच वाक्य जवळजवळ जसेच्या तसे आले. फक्त 'शिकाऊ उमेदवार धरून' या शब्दांच्या जागी 'शिकाऊ उमेदवार वगळून' असे शब्द पडले. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणल्या गेल्या. देशभर त्यांच्याविरुद्ध निदर्शने झाली, ती योग्यच होती. परंतु त्या निदर्शनांच्या पत्रकांत या एका शब्दाचा उल्लेख क्वचितच आढळला. कारखान्याच्या दारावर तिष्ठणारा कामगार चळवळीला दिसतो, लॅपटॉपवर वाकलेला दिसत नाही, याचा हा परिणाम.

परंतु येथेच एक फट आहे, आणि ती मालकांच्या बाजूची नाही. संहितेने वगळला आहे तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवार. त्या कायद्याप्रमाणे उमेदवार होण्यासाठी रीतसर करार व्हावा लागतो, त्याची नोंदणी करावी लागते, प्रशिक्षणाचा कार्यक्रम ठरवावा लागतो आणि नियमांत सांगितलेले विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ च्या नियमांनी ते शिक्षणाच्या पायरीनुसार दरमहा पाच ते नऊ हजार रुपये केले होते. अर्धवेळ डेटाबेसचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याशी कंपनी असा करार करते काय? करीत नाही. नोंदणीची कटकट नको, तपासणी नको, बंधन नको. ठीक आहे. मग तो त्या कायद्याखालचा उमेदवार नव्हे. आणि तो उमेदवार नसेल, तर संहितेने वगळलेल्या माणसांतही तो बसत नाही. म्हणजे तो कामगार ठरतो. नोंदणी टाळताना 'हा आमचा उमेदवार नाही' आणि वेतन टाळताना 'हा आमचा उमेदवारच आहे', अशी दोन्ही तोंडांनी बोलण्याची मुभा कायद्याने कंपनीला दिलेली नाही.

हा युक्तिवाद नवा वाटला, तरी त्याच्या मागे एक भक्कम निकाल उभा आहे. राजस्थान सरकारने १९६४ साली कायदा करून दुष्काळी कामांवरील मजुरांना कामगार कायद्यांतून वगळले होते. सरकारचे म्हणणे असे, की ही कामे मजुरांना मदत म्हणून काढलेली आहेत, तेव्हा किमान वेतनाचा आग्रह कशाला? संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. मदत म्हणून काम दिले असले, तरी ते घेतले जाते तेव्हा किमान वेतन दिलेच पाहिजे. त्याहून कमी देऊन काम करून घेणे हे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेल्या वेठबिगारीत मोडते, असा त्या निकालाचा आशय आहे. एक वर्ष आधी एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यातही न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले होते. उपाशी माणूस नाइलाजाने कमी मजुरी पत्करतो, तेव्हा तो नाइलाज हीदेखील सक्तीच होय. दुष्काळी कामाच्या जागी 'प्रशिक्षण' आणि मदतीच्या जागी 'संधी' हे शब्द घालून पाहावे. युक्तिवाद तोच राहतो.

कामाचे नियम कसे पाळले जातात, याचा एक दाखला पुण्यातच घडला. २०२४ साली एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण व सल्लागार संस्थेत काम करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या अतिरेकाची तक्रार करणारे तिच्या आईचे पत्र देशभर वाचले गेले. त्यानंतर कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात तपासणीस गेले, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची शॉप अ‍ॅक्टखाली नोंदणीच नव्हती असे आढळले. ती तरुणी शिकलेली सनदी लेखापाल होती, कायम नोकरीत होती. जेथे तिचे तास कोणी मोजले नाहीत, तेथे नावाने विद्यार्थी असलेल्याचे कोण मोजणार? आणि या प्रकरणानंतर तपासणी वाढावी, तर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेण्याचा आणि दिवसाचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय घेतला.

चळवळीच्या स्वतःच्या इतिहासाकडेही या निमित्ताने पाहणे प्राप्त आहे. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला, तेव्हा कर्मचारी संघटनांनी, विशेषतः कलकत्त्यात, त्याविरुद्ध जबरदस्त लढा दिला. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर १९६९ साली समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या वि. म. दांडेकरांकडे आले. पुढे बँकांत १९८३ आणि १९८७ साली करार झाले. यंत्रे किती आणि कोठे वापरावयाची, यावर त्या करारांनी मर्यादा घातल्या, आणि यंत्रावर काम करणाऱ्या कारकुनाला विशेष भत्ता ठरवून दिला. आज त्या लढ्यांना यंत्रविरोधी, मागास म्हणून हसण्याची रीत आहे. हसणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की माहिती यंत्रात भरण्याचे जे काम १९८७ साली बँकेतला कारकून करी, त्याबद्दल त्याला पगारावर जास्तीचे पैसे मिळत, कारण त्याच्या मागे संघटना होती. तेच काम त्याहून कितीतरी गुंतागुंतीच्या स्वरूपात त्याचा नातू आज प्रमाणपत्रासाठी करतो. यंत्र बदलले म्हणून हे झाले नाही. खातेवहीसमोरचा माणूस संघटनेचा सभासद होता, आणि कोष्टकासमोरचा नाही.

दुसरे भय असे दाखविले जाते, की अटी घातल्या तर कंपन्या विद्यार्थी घेणेच बंद करतील. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली आहेत, ती हे काम फुकट करतील. हे भय अगदीच पोकळ नाही. याद्या जुळविण्याचे काही काम यंत्रे करू लागली आहेत, आणि आरंभीच्या पायरीवरील नोकऱ्यांवर त्याचा परिणाम होणार हे उघड आहे. पण यंत्राने जुळविलेल्या यादीतले वडगाव बरोबर की चूक, हे पुन्हा माणसालाच पाहावे लागते, आणि तो माणूस पुन्हा तोच विद्यार्थी असतो. यंत्राच्या चुका निस्तरण्याचे काम स्वस्तात मिळावे, म्हणून यंत्राचेच भय दाखवावयाचे, हा कावा गिरणीमालकांना नवा नव्हता.

अटी घातल्याने असे काम बंद पडत नाही, याचा पुरावा पुण्याच्याच घराघरांत आहे. येथून पदवी घेऊन जर्मनीला पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली मुले तेथील कंपन्यांत असेच अर्धवेळ काम करतात. तेथे अशा विद्यार्थी-कामगाराला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा साधारणपणे पाळावी लागते, आणि २०१५ पासून देशभर लागू असलेले किमान तासवेतन त्यालाही मिळते. जर्मनीचा कायदा निर्दोष नाही. अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असलेली उमेदवारी त्याने किमान वेतनातून वगळली आहे, आणि ही पळवाट तेथेही वापरली जाते. येथे नव्या शैक्षणिक धोरणाखाली 'ऑन जॉब ट्रेनिंग' श्रेयांकांसाठी सक्तीचे झाले आहे, म्हणून ती पळवाट इकडेही उघडणार, हे आताच ओळखून ठेवावे. श्रेयांकाचे तास संपले तरी मुलगा त्याच खुर्चीवर त्याच मानधनावर बसून असतो, आणि प्रशिक्षण केव्हा संपले व नोकरी केव्हा लागली, हे सांगणारा कागद कोणीच काढलेला नसतो. केंद्राची २०२४ ची पंतप्रधान इंटर्नशिप योजना या मुलांना उपयोगी नाही. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना तिच्यात जागाच नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, विद्यार्थ्याला कागद मिळाला पाहिजे. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देण्याचे बंधन व्यावसायिक सुरक्षा संहितेने घातले आहे. त्या पत्रात तास, तासाचा दर आणि परीक्षेच्या काळातील रजा लिहून घेता येते. संहितांना विरोध आहे म्हणून त्यांतील उपयोगी कलमे वापरावयाची नाहीत, हे सोवळे परवडणारे नाही. वेतन संहितेने किमान वेतन ठरावीक धंद्यांपुरते न ठेवता सर्व नोकऱ्यांना लागू केले आहे, आणि काम सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करण्यास सांगितले आहे. महिनोन्महिने 'अकाउंट्सकडे गेले आहे' हे उत्तर ऐकणाऱ्या मुलांना ही गोष्ट माहीत नसते.

दुसरी गोष्ट, स्टॅम्पपेपरची भीती घालविणे. काम सोडल्यास अमुक हजार रुपये भरावे लागतील, गुप्तता मोडल्यास तमुक लाख, असे लिहून घेतलेले कागद विद्यार्थ्यांच्या उरावर बसलेले असतात. प्रथम वर्षाचा विद्यार्थी पुष्कळदा अठराच्या आतला असतो, आणि अज्ञानाने केलेला करार आपल्याकडे मुळातच निरर्थक आहे. नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारे कलमही १८७२ च्या करार कायद्यापुढे टिकत नाही. माहितीच्या गुप्ततेबाबत २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने जबाबदारी टाकली आहे ती माहितीचा हेतू ठरविणाऱ्या संस्थेवर, कोष्टकावर बसलेल्या पोरावर नव्हे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. लोकांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती घरच्या लॅपटॉपवर पाठवून काम करून घेणाऱ्या कंपन्यांना तोवर घाम फुटला पाहिजे. माहितीच्या रक्षणाचा आग्रह आणि विद्यार्थ्याच्या हक्काचा आग्रह येथे एकत्र येतात: कंपनीने यंत्र द्यावे, जागा द्यावी, तास मोजावेत.

तिसरी गोष्ट विद्यार्थी संघटनांनी आणि कामगार संघटनांनी मिळून करावयाची आहे, आणि ती अवघड आहे. हा मुलगा आठ-दहा महिन्यांत काम सोडतो. वर्गणी भरून सभासद होण्याइतका तो कोठेच टिकत नाही. विद्यार्थी संघटना त्याच्याकडे शुल्कवाढीच्या आंदोलनापुरती पाहते, कामगार संघटना त्याला पोरसवदा म्हणून सोडून देते. परंतु वेतन संहितेखाली थकलेल्या वेतनाचा दावा नोंदणीकृत संघटना आपल्या सभासदासाठी करू शकते, आणि त्याची मुदत तीन वर्षांची आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहाच महिने होती. तेव्हा संहिता अमलात आल्यानंतर ज्यांनी काम केले आणि सोडून दिले, त्यांचेही दावे उभे राहू शकतात. त्यांचा पत्ता लावणे कठीण नाही. 'ऑन जॉब ट्रेनिंग'साठी कोणता विद्यार्थी कोणत्या कंपनीत किती तास गेला, याची नोंद प्रत्येक महाविद्यालयाला ठेवावी लागते. अनुदानित महाविद्यालयाकडून कंपन्यांची नावे आणि तासांची बेरीज माहितीच्या अधिकारात मागता येते. पुणे शहर शाखेच्या दोन कार्यकर्त्यांनी एक महिना हे काम अंगावर घेतले, तर जूनच्या नव्या जाहिराती फलकावर लागण्यापूर्वी पहिली यादी तयार होईल.